गडग्यावरची शिकवणी

भेंडेकोंडच्या वरच्या वाडीत सोनूबाई शिवगणचं घर कुठलं, हे विचारायची पाळी कधी कोणावर आली नाही. खाली डांबरी रस्त्यावर एसटीतून उतरायचं, कान टवकारायचे आणि आवाज येईल त्या दिशेनं चढायला लागायचं.

सोनूबाई भांडायची. कोणी शिवणकाम करतं, कोणी भजनाला पेटी वाजवतं, तशी ती भांडायची. गवंडी चिरा लावतो तसा शब्दावर शब्द बसवायची. मध्ये फट राहिलेली तिला खपायची नाही. आणि तिचे नेम होते. भांडण सुरू करायचं ते कोंबडीवरनं, गवताच्या भाऱ्यावरनं, नाहीतर सांडपाण्यावरनं. मग समोरचीच्या हातच्या आमटीवर यायचं. तिथनं तिच्या माहेरावर. माहेर संपलं की सासऱ्याच्या बापापर्यंत पोचायचं आणि शेवटी फिरून पुन्हा कोंबडीवर यायचं, म्हणजे ऐकणाऱ्याला कळतं की भांडण मुद्द्याला धरून होतं. जिला पोर नाही तिला त्यावरनं बोलायचं नाही. मेलेल्या पोराचं नाव काढायचं नाही. समोरची जेवायला बसली असेल तर हात धुईपर्यंत थांबायचं. आणि भांडण कितीही पेटलं तरी दुसऱ्या दिवशी ती विरजण मागायला आली तर वाटी पुढं करायची. तोंड मात्र वाकडं ठेवायचं.

ह्या नेमानं ती आणि शेजारची काशी घवाळी ऐन तारुण्यापासून भांडत आल्या. दोघींचे नवरे मुंबईला, एकीचा हॉटेलात आचारी तर दुसरीचा गोदीत. गणपतीला यायचे, मे महिन्यात यायचे, बाकी वर्षभर दोघींना एकमेकीच. पुढं नवरे मेले, पोरं मुंबईला चिकटली, वाडीतल्या घरांना एकेक करत कुलपं लागली, तरी दोन खळ्यांमधल्या, म्हणजे अंगणांमधल्या, दगडी गडग्यावरचं भांडण थांबलं नाही. मग काशीच्या मुलानं विरारला खोली घेतलीन आणि आईला उचलून नेलीन. जाताना काशी गडग्याशी आली.

"सोने, जातंय गो."

"जा. तिकडं तरी आमटीत मीठ घाल."

झालं. काशी वाट उतरून गेली आणि वाडी गप्प झाली.

सोनूबाईच्या मुलानं, प्रथमेशनं, तिलाही एकदा नालासोपाऱ्याला नेली होती. पावसाळा सरायच्या आत ती परत. "तिकडं भांडान झालं की लोकं दार लावून घेतात," ती सांगायची. "दार लावल्यावर मी बोलू कोनाशी? कडीशी?" शिवाय तिथल्या बायका तिचं बोलणं ऐकून हसायच्या. 'मला'च्या जागी 'मना' म्हटलं की हसायच्या, 'त्यानं सांगितलान' म्हटलं की हसायच्या. एक जण म्हणाली, आजी, तुम्ही जरा शुद्ध बोला ना. त्यावर सोनूबाई काय बोलली ते प्रथमेश अजून कोणाला सांगत नाही.

तर अशा वेळी तिच्या घराच्या खाली, अनिलशेटच्या आंब्याच्या कलमांच्या बागेत, नेपाळी जोडपं आपल्या पोरीला घेऊन राहायला आलं.

यात नवल काही नव्हतं. गावचे बापये मुंबईत दुसऱ्याच्या इमारती राखतात आणि त्यांचं गाव राखायला नेपाळातनं माणसं येतात, असा हा सगळा कारभार. गाव प्रत्येक नेपाळ्याला बहादूर म्हणतं, म्हणजे नाव लक्षात ठेवायचा त्रास नाही. ह्याचं नाव खरंच टेकबहादूर होतं, त्यामुळं तोही खूश. त्याला मोडकं हिंदी यायचं. त्याच्या बायकोला, मनमायाला, तेही नाही. तिला हसू यायचं. अंगानं बारकी, पण पाण्याची कळशी डोक्यावर घेऊन चढण चढताना श्वास म्हणून वाढायचा नाही. सोनूबाईनं तिला वरनं दोन दिवस न्याहाळलीन आणि तिसऱ्या दिवशी आपली तांबडी कोंबडी मुद्दाम बागेत सोडलीन.

मनमायानं कोंबडी दोन्ही हातांत धरून, पोर आणावं तशी, बागेकडच्या गडग्यावर आणून दिली.

"काय गो, माझ्या कोंबडीला दगड मारलास?" सोनूबाईनं सुरुवात केली.

मनमाया हसली. "हजूर." म्हणजे हो जी.

"पिसं उपटलंस तिची?"

"हजूर."

"तुझा मुडदा बशिवला!"

"हजूर," मनमाया म्हणाली आणि वाकून नमस्कार केलान.

सोनूबाई मटकन जोत्यावर बसली. इतकी वर्षं वाट बघून एक शेजारीण आली, ती अशी.

शिकवायची बुद्धी मात्र सोनूबाईची नव्हे, ती वैष्णवी मॅडमची. गावच्या शाळेत पोरं मोजकी, त्यातली निम्मी नेपाळ्यांची. पोरं मराठीत धडाधड कविता म्हणायची आणि त्यांच्या आईबापांना दुकानात मीठ मागता येत नव्हतं. कोणी सांगितलेलं नसताना मॅडमनी शाळा सुटल्यावर मोठ्यांचा वर्ग सुरू केला. बागांतनं राबून आलेली माणसं पोरांच्या बाकांवर गुडघे मुडपून बसायची. मॅडम चित्र दाखवायच्या, "हा आंबा आहे." सगळे म्हणायचे, "हा आंबा आहे." वर्षभर दुसरं काही न बघितलेली माणसं ती. मॅडम स्वतःच हसायच्या आणि पुढचं चित्र काढायच्या.

मनमायाची गंमत अशी, की तिला वाचता यायचं. नेपाळीची अक्षरं आणि आपली एकच. फळ्यावरचं ती घडाघडा वाचायची आणि काय वाचलंस म्हटलं की हसायची. मॅडमनी शेवटी टेकबहादूरला हिंदीत सांगितलं, हिला पुस्तक नको, माणूस हवं. शेजारी जी कोण असेल तिच्याशी रोज बोलायचं. हाच घरचा अभ्यास.

शेजारी कोण आहे हे मॅडमना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी हे मुद्दाम केलं, असं गावचा मानकरी बाबाजी म्हणतो. मॅडम त्यावर बोलत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मनमाया वही घेऊन गडग्याशी उभी राहिली. "आजी, मराठी. शिकव."

"वही ठेव घरात. वहीनं भांडता येत नाय," सोनूबाई म्हणाली. "आनी आजी काय? भांडनात आजी नसते. म्हातारे बोल."

मनमायानं कानाला हात लावले.

"बोल! म्हातारे!"

"म्हातारे," मनमाया कुजबुजली.

"हे काय, कोनाचं मयत झालंय? पोटातनं बोल. तुझा आवाज त्या रायवळ आंब्यापल्याड गेला पायजे."

अशी शिकवणी सुरू झाली. इकडं सोनूबाई, तिकडं मनमाया, मध्ये गडगा. पहिले दिवस सगळे आवाजातच गेले. नेपाळात डोंगरावरनं डोंगरावर हाका मारायची तिला सवय होती, पण माणसाच्या तोंडावर ओरडणं तिला जमेना. मग सोनूबाई गडग्यापासनं लांब लांब सरकत गेली, पार विहिरीपर्यंत. तिथनं ओरडायची, "ऐकू येत नाय गो!" एक दिवस मनमायाचा आवाज असा फुटला, की खाली रस्त्यावरच्या दुकानदारानं बाहेर येऊन वर बघितलान. त्याला वाटलं काशी परत आली.

आवाज आल्यावर मुद्दा. शब्द सोनूबाई एकेकटा द्यायची नाही, भांडणात गुंतवून द्यायची. "बोल, तुझी कोंबडी माझा पाला खाते." "बोल, तुझ्या आमटीला कुत्रं तोंड लावत नाय." मनमायाला आमटी म्हणजे काय ते माहीत नव्हतं. सोनूबाईनं वाटीभर आणून पाजलीन. मनमायानं घोट घेतला, विचार केलान आणि म्हणाली, "कुत्रं तोंड लावतं. मीठ जास्ती."

सोनूबाईला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. पण दाखवायचं कसं? तिनं वाटी हिसकावलीन. "माझ्या आमटीला नावं ठेवतंस? तुझ्या म्हायेरी काय खातात गो? दगूड?"

"म्हायेर काय?"

"आईचं घर."

मनमायानं ओढणी सावरली. मग पोटातनं म्हणाली, "माझ्या आईच्या घरी मका. बर्फ. चांगली माणसं. म्हातारे, तुझ्या म्हायेरी कोन हाय?"

"कोन नाय. सगळी मेली."

"मंग काय बोलतंस!" मनमाया म्हणाली.

त्या दिवशी सोनूबाईनं शिकवणी लवकर आवरलीन. एवढं चोख उत्तर तिला काशीनं सुद्धा कधी दिलं नव्हतं.

इकडं शाळेतल्या वर्गात मॅडमनी विचारलं, काल काय केलंत ते एकेकानं सांगा. टेकबहादूर म्हणाला, "काल मी बागेत गेलो." मनमाया उभी राहिली. "काल मी त्या रांडेच्या वानराला दगूड हानला, मुडदा बशिवला त्याचा, पन त्यानं माझी भाकरी पळवलीनच." मॅडम फळ्याकडं तोंड करून बराच वेळ काहीतरी पुसत राहिल्या. मग वळून म्हणाल्या, "वाक्य बरोबर आहे."

संध्याकाळी त्या वाट वाकडी करून सोनूबाईकडं आल्या. "आजी, फार छान बोलते ती आता. थोडं गोडही शिकवाल का?"

"गोड तुमी शिकवा, तुमाला सरकार पगार देतं," सोनूबाई म्हणाली. "तिखट माझ्याकडं. दोन्ही खाल्लान की पोट भरंल तिचं." आणि मॅडमना वाटीभर आमटी दिलीन. मॅडमनी मिठाबद्दल चकार शब्द काढला नाही. शिकलेलं माणूस.

असं सगळं मार्गी लागलं होतं, तोच फाटक आलं.

सोनूबाईच्या घरापासनं डांबरी रस्त्याला जायची पायवाट अनिलशेटच्या बागेतनंच होती. तिच्या सासूच्या आधीपासनं. दुकान, रेशन, दवाखाना, रत्नागिरीची एसटी, सगळं त्या वाटेच्या टोकाला. दुसरा रस्ता म्हणजे वर सड्यावर, उघड्या माळावर चढायचं, कातळावरनं सगळी बाग वळसा घालून जायचं आणि पलीकडची दगडी पायऱ्यांची मोडकी पाखाडी उतरायची. तिचे चिरे निखळलेले. बकऱ्यासुद्धा तिथनं विचार करून उतरतात.

अनिलशेट हा गावचाच, पण जन्म मुंबईचा. माणूस वाईट नव्हे. बापाच्या मागं बाग त्याच्याकडं आली आणि त्याला कोणीतरी सांगितलं, की परदेशात आंबा पाठवायचा तर बागेला चहूबाजूनं कुंपण पाहिजे, येरझार नको. शिवाय मागल्या हंगामात आंबे चोरीला गेले होते. त्यानं मुंबईतनं माणसं पाठवून वाटेच्या दोन्ही तोंडांना लोखंडी फाटकं बसवलीन आणि वरच्या फाटकाला पाटी लावलीन.

सोनूबाई पाटीसमोर उभी राहिली. तिला अक्षर म्हणून येत नव्हतं. "काय लिवलंय गो?"

मनमायानं घडाघडा वाचलंन, "ही खासगी मालमत्ता आहे. परवानगीशिवाय आत येण्यास सक्त मनाई आहे."

"म्हंजे?"

"मना नाय कळला. तुला?"

एकीला वाचता आलं आणि दुसरीला कळलं. सोनूबाईनं पदर कमरेला खोचलान, फाटक ढकललान आणि रोजच्यासारखी खाली गेली. मनमायाला काही सांगितलंन नाही.

ते अनिलशेटला कळलं. फोन टेकबहादूरला आला. पाटी काय शोभेला लावली आहे? टाळं लावायचं, चावी बायकोकडं ठेवायची आणि म्हातारीला तर मुळीच सोडायचं नाही, ती गेली की तिच्यामागनं सगळं गाव जाईल. जमत नसेल तर तसं सांग, दुसरं जोडपं मंडणगडच्या बागेत तयार आहे. टेकबहादूरनं फोन खिशात ठेवला आणि बायकोकडं बघितलंन. बागेतली ती पत्र्याची खोली, तिच्यातली चूल, शाळेत जाणारी पोर, सगळं त्या टाळ्याला लटकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सोनूबाई नवं लुगडं नेसून, पिशवी घेऊन निघाली. गुडघ्याच्या गोळ्या आणायला रत्नागिरीला जायचं होतं. फाटकाशी मनमाया. ओढणी कमरेला खोचलेली.

"म्हातारे! हितनं वाट नाय."

सोनूबाईचा जीव सुपाएवढा झाला. शिकवणीची वेळ नाही, कोंबडी नाही, काही नाही, आणि पोरीनं आपणहून सुरू केलंन! तिनं पिशवी खाली ठेवलीन.

"कोनाच्या बापाची वाट गो?"

"मालकाच्या बापाची! पाटी वाच!"

"माझी सासू हितनं चालली, तवा तुझा मालक जन्माला आला नव्हता!"

"तुझी सासू चालली, तू हवेतनं जा!"

"शाब्बास! आता आमटीवर ये," सोनूबाई हळूच म्हणाली आणि पुन्हा गरजली, "हवेतनं जायला मी काय घार हाय?"

"घार बरी! घार गप असते! तुझं तोंड आनी तुझी आमटी, दोन्ही खारट!"

सोनूबाईला भरून आलं. आमटी आली, माहेर आलं, सासऱ्याच्या बापाचा पत्ता मनमायाला नव्हता तर तिनं अंदाजानं तोही काढलान. सोनूबाई तोडीस तोड देत होती आणि मनातल्या मनात काशीला म्हणत होती, ऐक गो, ऐक. खालनं एसटीचा हॉर्न वाजला. तिनं पिशवी उचललीन. "बास आता. लई बेस झालं. उघड."

मनमाया हलली नाही.

"उघड गो. गाडी जाईल."

"आजी," मनमाया म्हणाली. आवाज पुन्हा पहिल्या दिवसासारखा, गडग्यापलीकडं न जाणारा. "हे खोटं नाय."

सोनूबाईनं टाळं बघितलान. मग तिच्याकडं बघितलंन. भांडण खरं होतं. ती वळली आणि सड्याकडं चढायला लागली. गाडी गेली.

त्यानंतर सोनूबाई बोलायची थांबली.

कोंबड्या तिनं दाव्याला बांधल्या. मनमाया गडग्याशी यायची, ओरडायची, "म्हातारे, तुझी कोंबडी माझा पाला खाते!" कोंबडी पायाला दोरी बांधून समोर दिसत असताना. "तुझ्या आमटीला कुत्रं तोंड लावत नाय!" सोनूबाई पाठ करून तांदूळ निवडत राहायची. बाबाजी देवळातनं येताना थांबून विचारून गेला, बरं नाय काय? "बरी हाय," सोनूबाई म्हणाली. दोन शब्द. बाबाजी घाबरला.

तिला राग मनमायाचा नव्हता, म्हणजे होता, पण तो सांगता येण्यासारखा नव्हता. ही पोर आपल्यावर उलटली हे ठीकच. उलटायलाच शिकवली होती. पण आपण तिला शाब्बास म्हणत राहिलो, वेड्यासारखे, आणि ती टाळं धरून उभी. हे गिळवत नव्हतं. त्यात एक दिवस पाखाडीचा चिरा पायाखाली फिरला. गुडघा आपटला. कोणाला सांगितलंन नाही. पण मनमाया खालनं बघत होती, आणि लंगडणं काही पदराखाली झाकता येत नाही.

एवढ्यात शिमगा आला. मुंबईकर आले, कुलपं निघाली, ढोल वाजायला लागले. गावदेवी वाघजाई पालखीत बसून घरोघर निघाली. आमच्याकडं देवी घरी येते. खळ्यात पालखी टेकते, बायका ओटी भरतात, आणि मग त्या घराचं जे काय दुखणंखुपणं, मागणं असेल ते मानकरी देवीपुढं मांडतो. त्याला गाऱ्हाणं म्हणतात. मानकऱ्यानं एक वाक्य म्हणायचं आणि जमलेल्यांनी 'होय महाराजा' म्हणायचं. ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं, की मानकरी शिंकला तरी मागनं एखादा 'होय महाराजा' म्हणतो.

पालखी वर सोनूबाईकडं जायच्या आधी अनिलशेटच्या बागेत टेकायची. देवीला पाटी लागू नाही. अनिलशेटनं स्वतः दोन्ही फाटकं सताड उघडलीन आणि पांढरा झब्बा घालून, नारळ घेऊन उभा राहिला. सोनूबाई आरतीचं तबक घेऊन खाली आली, पण फाटकाच्या आत पाऊल टाकलंन नाही. बाहेर, गडग्याला टेकून उभी राहिली. सगळं गाव आत आणि ती बाहेर. लोकांनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

बाबाजीनं अनिलशेटचं गाऱ्हाणं घातलान. कलमांना मोहर धरू दे महाराजा, होय महाराजा. परदेशी माल जाऊ दे महाराजा, होय महाराजा. संपवून त्यानं विचारलंन, "घरातलं आनी कोनाचं काय?"

"माझं हाय," मनमाया म्हणाली. "ह्या घरात मी ऱ्हातंय."

कुजबूज झाली. बाबाजी भला माणूस. "सांग बाय माझ्या कानात, मी घालतो."

"मना येतं बोलायला."

येत होतं, यात शंका नाही. पण एकाच तऱ्हेचं येत होतं. देवीशी कसं बोलतात हे ना मॅडमनी शिकवलं होतं ना सोनूबाईनं. मनमायानं ओढणी कमरेला खोचली, पालखीसमोर पाय रोवले आणि पोटातनं आवाज काढलान.

"काय गो वाघजाय! वर्साची एकदा येतंस, ती पन पालखीत बसून येतंस! पाय तरी लावतंस का जमिनीला?"

ढोलवाल्याच्या हातातली काठी तशीच राहिली. बाबाजीचं तोंड उघडं पडलं. आणि मागनं कोणीतरी, सवयीनं, म्हणालं, "होय महाराजा."

"तुला उचलायला खांदं हायत! त्या म्हातारीला कोन हाय? कोंबडी हाय!"

"होय महाराजा," आता चौघे म्हणाले.

गडग्याबाहेर सोनूबाईनं तबक घट्ट धरलान. आवाज बरोबर होता. मुद्दा अजून यायचा होता. ये, मुद्द्यावर ये.

"तुझी वाट कोन बंद केलान तर काय करशील? गाव जाळशील! तिची वाट बंद केली. कोन केली? मी केली! ह्या हातानं टाळा लावतंय मी रोज!"

"होय महाराजा!"

"मालक बोलला, टाळा लाव. नाय लावला तर दुसरा बहादूर आनंल. माझं घर जाईल. लावला तर हिचा गुडघा जाईल. गेलाच हाय! पडली ती! लंगडते, सांगत नाय, खोडच भिकार हाय तिची!"

"होय महाराजा!" हे सगळ्यात जोरात आलं, आणि सवयीनं नव्हे.

"आता तू सांग. तुझ्या म्होरं टाळा मारू? मार बोल, आत्ता मारतंय! नको बोल, तर मना नको सांगू, ह्याला सांग! ह्यो उभा हाय नारळ घेऊन!"

"होय महाराजा!"

सगळ्या माना अनिलशेटकडं फिरल्या. झब्बा घामानं पाठीला चिकटला होता. बाबाजीनं घसा खाकरलान. काहीतरी करून हे गाऱ्हाण्यात बसवणं भाग होतं. "तर बा महाराजा," त्यानं सूर धरलान, "ही लेक परमुलखातली हाय, शिकवनारी भेटली ती अशी भेटली, तिचं तोंड पोटात घाल..."

"होय महाराजा."

"...आनी वाट ज्याच्या हातात हाय त्याला बुद्धी दे, ती आत्ताच दे, कारन पालखीला अजून निमी वाडी फिरायची हाय..."

"होय महाराजा!"

अनिलशेटला देवीचं भय किती होतं ते देवीला माहीत. गावाचं मात्र पुरतं होतं. "मी काय आजींना बंद केलं?" तो म्हणाला. "मी चोरांना बंद केलं."

"मंग चोरांची नावं लिव की पाटीवर!" गडग्याबाहेरनं आवाज आला. गावानं तो आवाज बऱ्याच दिवसांनी ऐकला, आणि बायका पदराआड हसायला लागल्या. "मना काय दावतोस, मना वाचता येत नाय!"

अनिलशेटनं नारळ देवीपुढं ठेवलान. दिवसा वरचं फाटक उघडं राहील, खालचंही, गाववाल्यांच्या येण्याजाण्याला. आंब्याला हात लावायचा नाही. राखायला मनमाया आहेच. एवढ्या तोंडाची राखणदारीण मंडणगडला मिळायची नाही, हे त्याला त्या उन्हात नीट समजलं होतं. देवीसमोर बोललेलं. ढोल वाजले, पालखी उठली आणि सोनूबाईच्या खळ्याकडं चढली.

पण गोष्ट एवढ्यावर सुटेल तर ती सोनूबाई कसली. शिमगा आटोपला, मुंबईकर गेले. दुसऱ्या सकाळी ती पिशवी घेऊन निघाली ती सरळ सड्याकडं. फाटक समोर उघडं, आणि ही लंगडत कातळ चढतेय.

"म्हातारे!" खालनं आवाज आला. "वाट हितनं हाय!"

सोनूबाई चालत राहिली.

"बहिरी झालीस काय गो? देवाशी भांडले मी तुझ्यासाठी!"

सोनूबाई थांबली. "कोन सांगितलंन तुला भांडायला? सगळ्या गावासमोर माझ्या गुडघ्याचं नाव काढलंस! मानकऱ्याच्या तोंडावर भिकार खोड बोललंस!"

"हायच भिकार!"

"तुझ्या आजेसासूची भिकार!"

"ती मेली! मेल्याला बोलत नाय, तूच शिकवलंस!"

"मेलेल्या पोराला बोलत नाय! आजेसासू चालते! अर्धवट शिकतंस आनी वर माझ्याशी बोलतंस?"

"मंग खाली येऊन बोल! तिकडनं काय वानरासारखी ओरडतंस?"

वानर म्हटल्यावर प्रश्नच मिटला. असल्या बोलण्याला लांबनं उत्तर देता येत नाही, ते तोंडावरच द्यावं लागतं. सोनूबाई सड्यावरनं माघारी फिरली, फाटकातनं आत शिरली आणि मनमायासमोर उभी राहून तिनं वानरापासनं सुरुवात केलीन. मनमायानं तिची पिशवी हातातनं काढून घेतलीन आणि चालता चालता उत्तरं द्यायला लागली. दोघी तशाच कलमांमधनं खाली उतरत गेल्या. पुढं एक, मागं एक, मग बरोबरीनं. माहेर होऊन गेलं, बर्फ होऊन गेला, टेकबहादूरचा बाप चालू होता, तोच डांबरी रस्ता लागला आणि एसटी समोर उभी.

कंडक्टर म्हणाला, "आजी, चढताय की भांडताय?"

"दोन्ही," सोनूबाई म्हणाली, आणि टेकबहादूरच्या बापाचं राहिलेलं तिनं खिडकीतनं पुरं केलंन.